आईबाबांचा औषधांचा डबा एकदा पलंगावर ओता

आईला सकाळी उठताना भोवळ यायला लागली. वय झालंय, असं म्हणून आम्ही महिनाभर सोडून दिलं. मग एका रविवारी मी तिचा औषधांचा डबा पलंगावर ओतला. नेहमीच्या डॉक्टरांची एक गोळी आणि हृदयाच्या डॉक्टरांची दुसरी. कंपन्या वेगळ्या, पाकिटांचे रंग वेगळे, पण आत दोन्हींत टेल्मिसार्टनच. रक्तदाबाचं तेच औषध ती दुप्पट घेत होती. चूक आमची होती, कारण पहिली गोळी चालू आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

म्हणून सुरुवात डबा ओतण्यापासून करा. रोजच्या गोळ्या, फ्रिजमधली इन्सुलिन, पर्समधली डोकेदुखीची गोळी, कुणीतरी गावाहून आणून दिलेलं गुडघेदुखीचं चूर्ण, सगळं एका जागी आणा. तारीख उलटलेली पाकिटं बाजूला काढा. लेबल नसलेल्या चूर्णाबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

आता प्रत्येक पाकिटावर औषधाचं मूळ नाव शोधा. डोळ्यांत भरतं ते बहुतेक वेळा कंपनीने ठेवलेलं नाव. मूळ नाव आणि मिलिग्रॅम घटकांच्या ओळीत छापलेले असतात. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मग एका कागदावर लिहा: मूळ नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची, कोणी दिली, कशासाठी. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच विचारा.

चिठ्ठीवरच्या खुणा समजून घ्या. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. एका औषधाबाबत मी सगळ्यांना कळकळीने सांगते: मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा.

डॉक्टरांसमोर यादी ठेवा आणि विचारा: एखादी वेळ चुकली तर काय करायचं? जेवणाआधी की नंतर? उपवासाच्या दिवशी काय? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलं, तर साखर खूप खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर माणूस शुद्धीत असताना लगेच ३-४ चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, खायला द्या आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

मेडिकलमध्ये घाई करू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. दुकानदार म्हणाला, ‘यातलंच दुसऱ्या कंपनीचं देऊ का?’ तर मूळ नाव आणि मिलिग्रॅम यादीशी ताडून बघा. नावापुढची एसआर, ईआर ही अक्षरंही तीच हवीत. या गोळ्या औषध हळूहळू सोडतात, म्हणून विचारल्याशिवाय तोडू किंवा कुटू नयेत. पाकीट कापून देताना तारखेचा तुकडा तुमच्याकडे येईल असं बघा, नाहीतर बिलावर तारीख लिहून घ्या.

इन्सुलिन बाटलीतून घेत असाल तर सिरिंज जुळवा: दर मिलिलिटरला ४० युनिट लिहिलेल्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० ची इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर डोस अडीच पट होतो.

घरी वेळा जुळवा. थायरॉइडची गोळी उठल्यावर पाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर ४ तासांनी.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो स्वतःच्या मनाने केलेल्या बदलांचा. रक्तदाब १२०/८० आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच तिथे आहे. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शेजारणीची अँटिबायोटिक तिच्यासाठी होती, तुमच्यासाठी नाही. सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून तापाची गोळी जोडीला घेण्याआधी घटक वाचा.

नवीन गोळीनंतर अंगावर पुरळ किंवा चक्कर आली तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडकला तर थेट रुग्णालयात जा. औषधाचा असा त्रास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येतो.

यादीवर तारीख घाला. गोळी बदलली की जुनी ओळ खोडू नका, यादी नवीन लिहा आणि जुनी फाडून टाका. आमच्याकडे एक प्रत फ्रिजवर, एक आईच्या पाकिटात आणि फोटो आम्हा दोघी बहिणींच्या फोनमध्ये असतो.