वाकळ फुगते ती अंथरताना

बेळगावकडच्या खानापुरात वाकळ, गोकाक-चिकोडीच्या कानडी घरांत कौदी, पुण्याकडे गोधडी. नावं कितीही असोत, बिघडते ती सगळीकडे सारखीच: कडा छान सरळ आणि मधोमध फुगा. दोष शिवणाऱ्या हाताचा नसतो. थर अंथरतानाच गडबड झालेली असते, आणि ती महिन्याभराने कळते.

कापड सुतीच घ्या. नऊवारी लुगडं साधारण 8 मीटर असतं. त्यातून साडेसात फुटांचे 3 तुकडे निघतात. दोन लुगड्यांत 6 तुकडे, वाकळेला लागतात 5 थर. पन्हा 45 ते 48 इंच, म्हणजे एकट्या माणसाच्या वाकळेला रुंदीत जोड लागत नाही. उरलेला तुकडा ठिगळांना ठेवा. सातवा-आठवा थर घालून ऊब वाढवायचा मोह सोडा. त्यातून सुई जात नाही, आणि भिजलेली वाकळ दोघांनाही पिळवत नाही. कापूस घाला असं सांगणाऱ्यांनी तर ती पहिल्या धुण्यानंतर बघावी. आत नुसते गोळे.

प्रत्येक तुकडा उजेडात धरा आणि दोन्ही हातांनी ताणा. नेसून नेसून बसणीचा भाग विरलेला असतो. चर्र आवाज आला की तेवढा भाग कापून टाका. इरकलीचे काठ आणि पदर रेशमी किंवा आर्टसिल्कचे असतात, अंग सुती. दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून इरकल वापरणार असाल तर काठ-पदर आधी उसवा किंवा कापा. अशी काठ काढलेली इरकल रुंदीला कमी पडते, तिला आतल्या थरात घाला. सुती काठाचं लुगडं वर आणि खाली. लाल किंवा गडद रंगाचं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर ते वाकळेत नकोच. सगळं कापड एकदा धुऊन वाळवा, मगच कात्री लावा.

आता अंथरणं. इथे घाई केली तर पुढचा महिना वाया.

फरशीवर अंथरा, सतरंजीवर नाही. सतरंजीवर सुईचं टोक खालच्या विणीत अडकतं आणि वाकळ सतरंजीलाच टाचली जाते. फरशीवरून सुई घसरून वर येते. खालचा थर उलटा पसरा, चारी कोपऱ्यांवर तांदळाचे डबे किंवा वरवंटा ठेवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून अंथरलेला थर डबे उचलले की आखडतो आणि त्याच्यावरचे सगळे थर सैल पडतात. मधला फुगा नेमका इथून सुरू होतो.

आतले तीन थर चारी बाजूंनी एकेक इंच कमी कापा, म्हणजे कड दुमडल्यावर जाड होत नाही. प्रत्येक थराचा उभा धागा लांबीच्याच दिशेला. तिरकस कापड ओढ लागली की वाढतं, आणि एक थर तिरका असला तरी अख्खी वाकळ पिळते. आत रुंदी कमी पडली तर शिंप्याकडच्या चिंध्यांनी भरा, पण कडेला कड भिडवून. एकावर एक चढवलेली चिंधी पाठीला टोचते आणि त्याच रेघेवर कापड आधी फाटतं. प्रत्येक थर टाकला की मधून कडेकडे तळहाताने सारवल्यासारखा हात फिरवा.

मग कच्चे टाके. टाचण्या चालत नाहीत. पाच थरांत टाचणी थर वर उचलते, शिवाय एखादी आत राहते. दोन इंची लांब टाके, मधून सुरुवात: आधी उभी-आडवी फुली, मग तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर रेघा, कडेपर्यंत. हे काम अख्खी दुपार खातं. खाऊ द्या.

शेवटी वरच्या आणि खालच्या थराची कड इंचभर आत दुमडून शिवा. हवी तर ठिगळं आता वर लावा, तीही उभ्या धाग्यातच.

धावदोरा रूढीप्रमाणे कडेवरून आत, चौकटीत चौकट. हल्याळ-मुंडगोडकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेवरूनच शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या घड्या असतात, त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. पण प्रत्येक फेरा सैल कापड पुढे ढकलत मध्याकडे नेतो, हे विसरू नका. कच्चे टाके विरळ असतील तर तो सगळा सैलपणा शेवटच्या हातभर जागेत जमतो. तिथे चुण्या घालून दाबू नका. चार-पाच फेरे उसवा, थर पुन्हा सारखे करा. टाचायचा कंटाळा असेल तर रूढी सोडा आणि मधूनच शिवायला घ्या.

ओळींत इंचभर अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सुईवर एका वेळी तीन-चारच टाके. दोरा जाड सुती, मेण लावलेला, दोन हातांपेक्षा लांब नको. एकेरी दोऱ्याने साधारण सव्वाशे मीटर लागतो, दुहेरीला दुप्पट. दोरा खेचू नका. ओळीवर बोट फिरवलं तर खळगा लागावा, चुणी नाही. बोटात अंगुस्तान हवंच. गाठ थरांच्या आत लपवा. मशीनवर नको: वरचा थर पायाखाली पुढे सरकतो आणि सगळं टाचलेलं फुकट जातं.

कच्चे टाके अगदी शेवटी काढा.

पहिलं धुणं गार पाण्यात. पिळू नका. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधे ओढली जाते, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा आणि दुपारी उलटा. खानापूरच्या पावसात ती आठवडाभर वाळत नाही आणि कुबट वास धरते, तेव्हा धुणं मृगाआधी उरका.