जुन्या केसवरून नवं निदान: या चुका टाळा

पावसाळा सरत आला की नागपुरात तापाच्या पेशंटची रांग लागते. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, सगळेच सुरुवातीला सारखे दिसतात. मुरलेला डॉक्टर म्हणतो, "अशीच केस मागच्या ऑगस्टात पाहिली होती." केस-बेस्ड रीझनिंग संगणकाकडून हेच करवून घेतं: मिळतीजुळती जुनी केस शोधायची, तिचं उत्तर लावून बघायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं आणि नवी केस साठवायची.

खरा घोळ पहिल्याच पायरीवर होतो. माझ्या पहिल्या प्रोग्रामने १०४ ताप असलेल्या पेशंटला ताप नसलेल्याची केस 'अगदी जुळणारी' म्हणून दाखवली. तापातला फरक पाच-सहा अंशांचा, प्लेटलेटमधला हजारांचा. दोन्ही तसेच बेरजेत टाकले, मग तापाला विचारतो कोण? प्रत्येक मोजमाप आधी ० ते १ च्या पट्टीवर आणा, मग कशाला किती वजन द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि हो, एक लॅब ४५,००० लिहिते, दुसरी ०.४५ लाख. ते आधी एकसारखं करा.

रिकामा रकाना म्हणजे 'नाही' असं धरणं त्याहून घातक. स्क्रब टायफसमध्ये माइट या बारीक किड्याची अळी चावते तिथे काळी खपली धरू शकते, पण अनेकदा काखेत किंवा जांघेत. कपडे बाजूला केल्याशिवाय ती दिसायची नाही. म्हणून 'खपली नाही' आणि 'पाहिलंच नाही' असे दोन वेगळे पर्याय ठेवा. डॉक्सीसायक्लिनने बरा होणारा आजार एका रिकाम्या रकान्यामुळे निसटतो.

केस जुळली तरी उत्तर आयतं उचलू नका. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच. त्यातल्या एखाद्याचं हिमोग्लोबिन नेहमीच ८ असतं, दुसऱ्या कुणाचं १३ वरून ८ वर आलं तर धावपळ करावी लागते. फिलिस कोटन यांची १९८८ मधली 'केसी' ही हृदयविकाराची प्रणाली हेच सांभाळायची: दोन पेशंटमधल्या फरकाने जुना खुलासा कोलमडतो का, हे आधी तपासायची.

साठवताना घाई नको. पेशंट परत आला नाही म्हणून 'बरा झाला' लिहून मोकळे होऊ नका, तो मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, भरती झालेला असू शकतो. फोन करून कळेपर्यंत केस 'निकाल बाकी'मध्येच राहू द्या.