स्वाकोपमुंडला जाताना: धुकं, वारा आणि ओहोटी

नामिबियातलं स्वाकोपमुंड वाळवंटाच्या कडेला आहे, त्यामुळे लोक सुती कपडे भरून निघतात आणि पहिल्याच सकाळी कुडकुडतात. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. त्यावरची हवा गार होऊन धुकं धरतं, पाऊस मात्र जवळजवळ पडतच नाही. भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतही पाणी गारच असतं. स्वेटर आणि विंडचीटर हवाच. पोहायचंच असेल तर 'मोल' या जुन्या बंधाऱ्याच्या आडोशाला पोहा; उघड्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ फार असते.

राजधानी विंडहोकहून ओकाहांजापर्यंत बी-1 आणि तिथून बी-2, असा सगळा डांबरी रस्ता आहे, सुमारे 360 किलोमीटर, साधारण चार तास. सकाळीच निघा. उशीर झाला तर मावळता सूर्य थेट डोळ्यांवर येतो, शेवटच्या टप्प्यात धुकं लागतं आणि अंधारात जनावरं रस्त्यावर येतात. गाड्या डावीकडूनच चालतात.

इथला दिवस अंतरावर नाही, वाऱ्यावर आखायचा. वाळूच्या टेकड्यांवरची वाटाड्यासोबतची सफर सकाळचीच घ्या. रात्री फिरलेल्या सरड्यांचे, किड्यांचे माग तेव्हा वाळूवर ताजे असतात. वाटाडे त्यांवरूनच पालमेटो गेको शोधतात. ही पायांच्या बोटांत पडदा असलेली, जवळजवळ पारदर्शक पाल दिवसा वाळूत पुरून बसते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की माग पुसले जातात आणि शोधणं अवघड होतं. वाळूत पुरलेल्या पेरिंग्वे या विषारी सापाचे फक्त डोळे वर दिसतात, म्हणून पाऊल वाटाड्यामागेच टाका.

मून लँडस्केप हा झिजलेल्या उघड्या टेकड्यांचा भाग आणि वेल्विचिया ही शेकडो वर्षं जगणारी वाळवंटी झाडं पाहायला धुकं निवळल्यावर जा. हा भाग नामिब-नौक्लुफ्ट उद्यानात येतो. परवाना गावातल्या कार्यालयातून आदल्या दिवशीच काढून ठेवा. गाडी आखलेल्या वाटेबाहेर नेऊ नका. तिथल्या खडीवर दगडफूल अगदी सावकाश वाढतं, आणि चाकांचे व्रण कित्येक दशकं राहतात.

दक्षिणेला, वॉल्व्हिस बे या बंदराच्या पुढे, सँडविच हार्बरला वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात. ओहोटीलाच गाडी जाईल एवढी पट्टी मोकळी होते, म्हणून तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा. स्वतः गाडी नेऊ नका, अनुभवी चालकासोबतच जा. भाड्याच्या गाडीच्या विम्यात वाळू आणि पाण्याचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं.

उत्तरेला सुमारे 120 किलोमीटरवर केप क्रॉस, सीलांची मोठी वसाहत. नोव्हेंबर-डिसेंबरात पिल्लं जन्मतात. वास उग्र असतो, नाकाला रुमाल ठेवा. वाटेतल्या हेंटीस बे गावाच्या पुढचा मिठाचा रस्ता डांबरासारखाच दिसतो, पण धुक्याने ओला झाला की घसरडा होतो. वेग कमी, दिवे चालू, ब्रेक हळू.

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकी रँड इथे समान किमतीला चालतात. उलट दक्षिण आफ्रिकेत नामिबियन डॉलर खपवणं कठीण, म्हणून उरलेले निघण्याआधीच खर्च करा.

खडीच्या रस्त्यावर 80 च्या वर जाऊ नका आणि टायरची हवा थोडी कमी ठेवा. डांबरावर परतताच ती पुन्हा भरा. कमी हवेवर वेगात पळवली तर टायर तापून फुटतो.