'अर्ज सादर झाला' याच्या पुढचं काम

ऑनलाइन सेवांच्या कामात नवीन येणारी मुलं आधी पॉइंट्स, कूपन आणि नोटिफिकेशनबद्दल विचारतात. ग्राहक टिकवायचा किंवा नागरिकाला सहभागी करून घ्यायचं तर यातूनच, असं त्यांना वाटतं. मी त्यांना आधी हेल्पडेस्कवर बसवते. फोन ऐका, तक्रारी वाचा, बाकीचं नंतर बोलू.

तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, 'माझ्या अर्जाचं पुढे काय झालं?' स्क्रीनवर 'प्रक्रियेत आहे' एवढंच लिहिलेलं असतं आणि ते कित्येक दिवस हलत नाही. त्या जागी असं लिहून बघा: 'कागदपत्रं तपासून झाली. मंजुरी बाकी आहे. अमुक तारखेपर्यंत कळवू. सध्या तुम्हाला काही करायचं नाही.' या शेवटच्या वाक्यासाठी मी प्रत्येक वेळी भांडते, कारण माणसाचा जीव त्यानेच भांड्यात पडतो. तारीख पाळता येणार नसेल तर ती उलटण्याआधी कळवायचं, उलटून गेल्यावर नव्हे.

ब्रिटनमध्ये 'मायसोसायटी' या संस्थेने 2007 मध्ये सुरू केलेली 'फिक्समायस्ट्रीट' ही सेवा नवख्यांनी बारकाईने बघावी. रस्त्यातला खड्डा किंवा बंद पडलेला दिवा नकाशावर दाखवायचा. तक्रार संबंधित स्थानिक परिषदेकडे जाते आणि सगळ्यांना दिसतही राहते. पण मला त्यातलं सर्वात आवडतं ते पुढचं: काही आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारलं जातं, काम झालं का? म्हणजे काम झालं की नाही, हे ठरवताना त्याच्याही शब्दाला किंमत असते.

ग्राहक आणि नागरिक यांच्यातला फरक मात्र पहिल्याच दिवशी डोक्यात पक्का करा. ग्राहकाला पटलं नाही तर तो दुसरीकडे जातो. नागरिक कुठे जाणार? दाखला तिथूनच मिळणार असतो. त्यामुळे एकच आकडा दोन ठिकाणी उलट बोलतो. खरेदीच्या अ‍ॅपवर कोणी वारंवार येत असेल तर आनंद आहे. परवान्याच्या पोर्टलवर तोच माणूस रोज लॉगिन करत असेल तर त्याचं काम अडलंय. एस्टोनियात 2001 पासून 'एक्स-रोड' या व्यवस्थेतून सरकारी खाती एकमेकांकडून माहिती घेतात, म्हणजे एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागावी लागू नये. नागरिकाच्या खेपा वाचवणं हीच तिथली मोठी सेवा.

नोकरीच्या मुलाखतीत एनपीएसबद्दल, म्हणजे ग्राहकाचं समाधान मोजणाऱ्या 'नेट प्रमोटर स्कोअर'बद्दल विचारतील, तेव्हा ते माहीत असू द्या. फ्रेड राइकहेल्ड यांनी 2003 मध्ये मांडलेली ही पद्धत: शिफारस कराल का, 0 ते 10 मध्ये सांगा, 9-10 देणाऱ्यांच्या टक्केवारीतून 0 ते 6 देणाऱ्यांची वजा करा. मला स्वतःला 'काम करून घेताना किती त्रास झाला?' हा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तरातून नेमकी दुरुस्ती हाती लागते.

लोकांकडून सूचना मागवायच्या असतील तर कोणत्या घेतल्या, कोणत्या नाही आणि का, हे जाहीर करायची तयारी आधी ठेवा. ती नसेल तर मागवूच नका. उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या वेळी लिहीत नाही.

पोर्टफोलिओसाठी मोठा प्रकल्प लागत नाही. एखादी सेवा निवडा, तिचा अर्ज जुन्या फोनवर, कमी नेटवर्कमध्ये, शक्य असेल तर स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून शेवटपर्यंत भरा. जिथे अडलात त्या स्क्रीनवरचा मजकूर नव्याने लिहा आणि जुना-नवा शेजारी ठेवून दाखवा.