बॅक ऑफिसच्या मुलाखतीतली एक्सेल चाचणी
बॅक ऑफिसच्या मुलाखतीत बऱ्याचदा छोटी डेटा एन्ट्री चाचणी असते, आणि वेगाच्या नादात अचूकता हातची जाते. खाते क्रमांक भरण्याआधी तो कॉलम निवडा, कंट्रोल + 1 दाबा आणि फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर 00452 चं 452 होतं. 16 आकडी क्रमांकाचा तर शेवटचा आकडाच शून्य होतो, कारण एक्सेल संख्येतले पहिले 15 आकडेच जपतं. नंतर फॉरमॅट बदलला तरी गेलेला आकडा परत येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. शेवटची दोन मिनिटं मूळ कागदाशी ताळा करायला ठेवाच.

‘चूक सापडली तर काय कराल?’ असं विचारलं, तर ‘दुरुस्त करीन’वर थांबू नका, ती नोंद पुढे कुठे गेली ते पाहून वरिष्ठांना कळवीन, हेही सांगा.