हाताच्या दुखापतीनंतर जुन्या कॉम्प्युटरांकडे परतताना

मनगटाचं प्लॅस्टर निघालं की जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसाला पहिली खुमखुमी येते ती सोल्डरिंग आयर्न (बोर्डावर सांधे जोडायची तापती कांडी) हातात घ्यायची. नेमकं तेच काम सगळ्यांत शेवटी ठेवायचं. बोटांची नाजूक हालचाल आणि बधिर झालेल्या बोटांची संवेदना परतायला वेळ लागतो. म्हणून कामाचा क्रम हातानं ठरवायचा, हौसेनं नाही. कशाला कधी परवानगी, हे डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. पण "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगितलंत तर त्यांच्या डोळ्यांसमोर कीबोर्ड येतो. स्क्रू पिळणं, रिबन केबल उपटणं, मॉनिटर उचलणं असं एकेक सांगा.

सुरुवात दुसऱ्यांच्या वस्तूंपासून करा. कुणाचा मदरबोर्ड, कुणाची फ्लॉपी ड्राइव्ह दुखापतीच्या आधीपासून तुमच्या माळ्यावर पडून असतेच. प्रत्येकाला कळवा, ज्याला हवं त्याला परत न्यायला सांगा आणि वस्तूवर चिठ्ठी लावा: "तपासलेलं नाही" किंवा "अर्धवट उघडलंय". अर्धवट उघडलेल्या यंत्राचे स्क्रू त्याच्याच पिशवीत घाला. हे उरकलं की याच छंदातल्या मंडळींच्या भेटीला जायला संकोच उरत नाही. पहिल्या भेटीला हत्यारं नेऊच नका. काय उचलता येत नाही ते जाताच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी सवयीनं सतरा इंची मॉनिटरची एक बाजू तुमच्या हाती देणारच.

टायपिंग एका हातानं करायचं असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा. स्टिकी कीज सुरू होतात आणि कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकामागून एक दाबले तरी चालतात. डाव्या ऑल्ट आणि डाव्या शिफ्टसोबत नम लॉक दाबलं की नंबर पॅडवरून माउसचा बाण हलतो. हीच सोय विंडोज ९५ मध्येही आहे, आणि विंडोजच्या आधीच्या डॉसच्या मशीनसाठी ॲक्सेसडॉस नावाचा जुना प्रोग्राम होता. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. त्यामुळे एकच हात चालू असेल तर तो अख्ख्या कीबोर्डभर धावतो आणि दुखतो. लांब मजकूर मोबाइलवर बोलून लिहा. माउस दुसऱ्या बाजूला घ्या, बटणं उलटी करा. पहिले चार दिवस वैताग येईल.

आता यंत्रं. हात बांधलेला असताना पावसाळा गेला असेल तर थेट स्विच दाबू नका. ३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि कीबोर्डच्या सॉकेटजवळचे ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा) खाऊन टाकते. बुरशीसारखा हिरवट-पांढरा थर दिसला तर आधी बॅटरी काढायची. गळती अल्कलाइन असते, म्हणून कापसाच्या बोळ्यानं थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बोर्ड पूर्ण वाळवा. बॅटरी उपटायला पक्कड वापरू नका. अशक्त हातानं ती तिरकी ओढली जाते आणि जिथे ती सोल्डर केलेली असते त्या तांब्याच्या पॅडसकट निघते. हे एक काम सरळ मित्राला सांगा.

दुखऱ्या मनगटाला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याकडे लक्ष असू द्या. कापडाच्या आत बहुधा धातूची पट्टी असते, तिचं टोक बाहेर आलं असेल तर चालू बोर्डावर शॉर्ट होऊ शकतो. वेल्क्रो खसकन सोडताना स्थिर वीज तयार होते, तिनं चिप खराब होऊ शकते. तो बोर्डापासून लांब जाऊन सोडा, आणि अँटिस्टॅटिक पट्टा (अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारा) धडधाकट हाताला बांधा. जुलैच्या दमट हवेत हा त्रास कमी, एसीच्या कोरड्या खोलीत जास्त. चालू यंत्रात हात घालायचा असेल तर मात्र अँटिस्टॅटिक पट्टा आधी काढायचा.

सोल्डरिंगला बसण्याआधी एक चाचणी करा: डोळे मिटून पाच मिनिटांत बोटांनी स्क्रू, वॉशर आणि रेझिस्टर वेगळे ओळखता येतात का? नसतील येत, तर आयर्न नको. बधिर बोटाला भाजलेलं उशिरा कळतं. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही नको. चाचणी जमली की बोर्ड हातात न धरता क्लॅम्पमध्ये अडकवा, कोपर टेबलावर टेका आणि भंगारातल्या बोर्डावर सराव करा. ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) ०.८ मिलिमीटर सोल्डरची तार घ्या. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, मधली लगद्यासारखी अवस्था नसते. हात थरथरत असला की ६०/४० मध्ये त्याच अवस्थेत सांधा हलतो आणि ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जुळलेला सांधा, होतो. सुरुवातीला एका बैठकीत दहा सांधे पुरे. दुसऱ्या दिवशी सूज आली तर पाच.

एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) आणि सीआरटी (जुन्या ट्यूबच्या मॉनिटरची) झाकणं मात्र बंदच राहू द्या. २३० व्होल्टच्या मेन्सचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे ट्यूबला जिथून उच्च दाब मिळतो त्या टोकावर, वीस हजार व्होल्टहून जास्त. जुने टीव्ही मेकॅनिक एक हात खिशात ठेवत, म्हणजे करंट छातीतून आरपार जाऊ नये. पण दुसरा हात पक्का असेल तरच हा नियम कामाचा. मीटरचा प्रोब घसरला की संपलं.

सामानासाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं तर रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. इतर दिवशी दुपारी बाराच्या सुमारास निघा, गर्दीच्या वेळी दांड्याला लोंबकळणं आत्ता परवडणारं नाही. जवळच्या ग्रँट रोड स्टेशनला प्रत्येक फास्ट लोकल थांबत नाही. स्लो धरा, किंवा मुंबई सेंट्रलला उतरून चालत या. पिशवी हातात नको, पाठीवर घ्या, पण लोकलमध्ये चढताना ती पोटाशी आणायला दोन्ही खांदे चालतात का, हे घरी एकदा करून बघा. जड वस्तू दुकानदाराकडे ठेवून यायच्या आणि पुढच्या भेटीला येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगायच्या.