"बहिरेपणावर उपाय सापडला" अशी बातमी आली की ती कशी तपासायची

अशी लिंक ग्रुपवर आली की लगेच फॉरवर्ड करू नका, आधी आपला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टचा आलेख, शोधून काढा (नसेल तर टेस्ट करून घ्या). त्यात हवेतून ऐकण्याची आणि हाडातून ऐकण्याची अशा दोन रेषा असतात. हाडाची नॉर्मल आणि हवेची खाली गेलेली असेल तर गडबड बाहेरच्या किंवा मधल्या कानात, म्हणजे मळ, पडदा, छोटी हाडं वगैरे, आणि मग ती बातमी बहुतेक तुमच्यासाठी नाहीच, कारण अशा बातम्या सहसा आतल्या कानाबद्दल असतात. दोन्ही सारख्याच खाली असतील तर आतला कान किंवा नस. 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला तर मोठ्या आवाजाने वाट लावल्याची शंका घ्यायची.

मग बातमीत प्रयोग कोणावर केलाय ते बघा, इथेच अर्ध्या बातम्या गळतात. कोंबडीच्या कानातल्या हेअर सेल्स (आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) मेल्या तरी नव्या येतात, हे 1980च्या दशकातच कळलंय, पण आपल्याला एका कानात जन्मतः साधारण 15,000 मिळतात आणि त्या गेल्या की गेल्या. उंदराच्या नवजात पिल्लात थोड्या परत आल्या म्हणून साठीतल्या माणसात येतील असं अजिबात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमकं काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त केलं. 2024 मध्ये गाजलेली जीन थेरपी घ्या, जन्मतः ऐकू न येणारी मुलं ऐकायला लागली, बातमी खरीच आहे, पण त्या मुलांच्या हेअर सेल्स शाबूत होत्या, फक्त सिग्नल पुढे नसेकडे पाठवायला लागणारं ओटोफर्लिन नावाचं प्रोटीन बनत नव्हतं. ते जीन दिलं, काम झालं. वयामुळे, आवाजामुळे किंवा जेंटामायसिन, सिसप्लॅटिनसारख्या औषधांमुळे सेल्सच मेल्या असतील तर हे जीन देऊन काय उपयोग, ते घेणारंच कोणी उरलेलं नाही.

आणि तुलनेला प्लासिबो ग्रुप (ज्यांना खऱ्या औषधाऐवजी नुसतं दिखाव्याचं औषध दिलं असे लोक) होता का तेही बघाच, कारण शब्द ओळखायच्या टेस्टमध्ये दुसऱ्या वेळी नुसत्या सरावानेही मार्क वाढतात.

फक्त एका बाबतीत हे वाचत बसू नका. एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा, मळ असेल म्हणून थेंब टाकत बसू नका. त्यात स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर फायद्याचा चान्स जास्त असतो.